कोसीचा इशारा: खिंडार बुजवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

१८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे कोसी नदीचा पूर्व तटबंध फुटला आणि बिहारमधील सुपौल, मधेपुरा, सहरसा, अररिया व पूर्णिया या जिल्ह्यांत हाहाकार उडाला. तीस लाखांहून अधिक लोकांना या पुराची झळ पोहोचली. पूर्व कोसी कालव्याचे भरावही त्यात ठिकठिकाणी वाहून गेले. विशेष म्हणजे, साडेनऊ लाख क्युसेक प्रवाहासाठी आखलेला हा तटबंध सुमारे दीड लाख क्युसेक प्रवाहातच कोसळला. पाणी माथ्यावरून गेले नव्हते. प्रवाहाने भरावाचा पायथाच पोखरला होता.

दुरुस्तीचा विचार म्हणूनच उंचीपासून नव्हे, तर मातीपासून सुरू व्हावा लागतो. खिंडारात नुसती माती लोटली, तर जुन्या आणि नव्या भरावाच्या सांध्यातून पाणी वाट काढते. त्यासाठी सैल झालेली माती काढून जुन्या भरावात पायऱ्या कापतात, योग्य ओलावा राखून नवी माती थराथराने पसरतात आणि प्रत्येक थर रोलरने दाबून घेतात. पाझरणाऱ्या पाण्याबरोबर मातीचे कण वाहून गेले, तर भरावात आतल्या आत पोकळी तयार होते. ते टाळण्यासाठी बाहेरील पायथ्याशी वाळू आणि खडीची गाळणी बसवली जाते. ती पाणी जाऊ देते, माती अडवते. नदीकडील पायथ्याला तारेच्या जाळीतील दगडांचे संरक्षण द्यावे लागते.

पूर ओसरला म्हणजे धोका टळला, असेही नाही. पाण्याची पातळी झपाट्याने उतरते, तेव्हा भिजून जड झालेल्या उताराला पाण्याचा आधार उरत नाही आणि तो घसरू शकतो.

कुसहाचे खिंडार जानेवारी २००९ मध्ये बुजवण्यात आले. त्यासाठी आधी नदीचा प्रवाह मूळ पात्राकडे वळवावा लागला. मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये कोसी बराजमधून ६ लाख ६१ हजार क्युसेक पाणी सोडण्यात आले. १९६८ नंतरचा हा सर्वाधिक विसर्ग होता. त्या वेळी दरभंगा जिल्ह्यात पश्चिम तटबंध फुटला.

दोन तटबंधांमध्ये साचणाऱ्या गाळामुळे कोसीचे पात्र उंचावत असते. अशा स्थितीत पावसाळ्यापूर्वी प्रत्येक पायथ्याची, पाझराची आणि सांध्याची तपासणी होणे हे दुरुस्तीइतकेच निकडीचे आहे. भराव फुटल्यानंतर होणारा खर्च सरकारी हिशेबात नोंदला जातो. उद्ध्वस्त झालेल्या संसारांची भरपाई मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात मावत नाही.