पंगतीतला एक घास

सणाला पुरणपोळी, रविवारी मिसळ, उन्हाळ्याच्या तोंडावर द्राक्षे. नाशिकच्या घरांत खाणे हा जिव्हाळ्याचा विषय. म्हणूनच वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झालेल्या ज्येष्ठांना पहिला प्रश्न पडतो, ‘हे सारे आता कायमचे सुटले का?’ वाचकहो, सुटलेले नाही. मात्र त्याची वेळ, मात्रा आणि क्रम बदलला आहे. नागपूरचे नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतली; खवय्ये म्हणून त्यांची ओळख आजही कायम आहे.

‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढला जातो. ‘बायपास’मध्ये जठराची लहानशी पिशवी थेट लहान आतड्याला जोडतात. विशेषतः बायपासनंतर गोड पदार्थ आतड्यात भरभर उतरला, तर अर्ध्या तासात मळमळ, पोटात कळ, धडधड, जुलाब असा त्रास होतो. यास ‘डम्पिंग’ म्हणतात. कधी एक ते तीन तासांनी रक्तातील साखर घसरून घाम, थरथर आणि भोवळ येते. उतारवयात अशी भोवळ हाड मोडण्याचे निमित्त ठरू शकते.

म्हणून पहिले काही आठवडे पातळ व मऊ आहाराचे वेळापत्रक मोडू नये. डॉक्टरांनी अनुमती दिल्यावरच आवडीच्या पदार्थाकडे वळावे, तेही उपाशीपोटी नव्हे. आधी डाळ, पनीर, अंडे यांसारखी प्रथिने, मग भाजी आणि शेवटी गोडाचा घास. प्रथिनांचे दिवसाचे लक्ष्य साधारणतः ६० ग्रॅम वा अधिक असते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्धा तास थांबावे.

मिसळ हवी असेल, तर वाटीभर मोडाची उसळ घ्यावी. तर्री नावापुरती, फरसाण चिमूटभर. पाव मात्र टाळावा, कारण त्याचा गोळा होऊन तो अडकल्यासारखा वाटतो. पुरणपोळीचा चतकोर आणि श्रीखंडाचे दोन चमचे पुरेत. द्राक्षे मोजकी, सालासकट बारीक चावून खावीत. जिलबीत तळण आणि पाक दोन्ही एकत्र येतात. तिचा मोह आवरलेलाच बरा.

आता दोन शब्द घरच्यांसाठी. आग्रह हा आपल्या पंगतीचा शृंगार. परंतु येथे तोच जाचक ठरतो. ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणू नये, आणि ‘तुम्हाला चालत नाही’ म्हणून ताटही ओढून घेऊ नये. लहान वाटीत वाढावे, सोबत बसावे, सावकाश जेवू द्यावे. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन चालू असल्यास मात्रा डॉक्टरांकडून वेळोवेळी तपासून घ्यावी. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्यांत खंड पडू देऊ नये. सतत उलट्या, पाणीही न टिकणे, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

वजन काट्यावर उतरते. समाधान मात्र ताटाशीच मिळते. त्या ताटात एक घास आवडीचा असू द्यावा, मोजून आणि मनापासून.