एका रात्रीत किलोभर चरबी चढत नसते

इंदूरच्या मराठी घरांत सोमवारी सकाळी हमखास कानावर येणारं एक वाक्य आहे: "शनिवारी सराफ्यात गेलो आणि आज बघ, दीड किलो वाढलो." सराफा म्हणजे इथली रात्रीची खाऊगल्ली. बोलणाऱ्याच्या आवाजात अपराधीपणा असतो, ऐकणाऱ्याला हळहळ वाटते, आणि हे विधान तपासून पाहावं असं दोघांपैकी कुणालाच सुचत नाही. लगेच शिक्षा ठरते. दुपारचं जेवण बंद, पाणी कमी, संध्याकाळी मेघदूत उपवनात दोन फेऱ्या जास्त. मंगळवारी काटा उतरला तर शिक्षा फळली म्हणायचं. नाही उतरला तर "माझ्या अंगाला काहीच लागू पडत नाही" म्हणून पुढच्या आठवड्यात सगळंच सोडून द्यायचं. महिनोन्महिने नेटानं चाललेले प्रयत्न या एका गैरसमजापायी मोडताना मी पाहते आहे, आणि ते मला पाहवत नाही.

पूर्वपक्ष त्याच्याच शब्दांत घेऊ. रात्री खाल्लं, सकाळी काटा चढला, म्हणजे खाल्लेलं अंगावर बसलं. आता हिशेब करू. शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी साठलेल्या असतात. एक किलो चरबी नव्यानं चढवायची तर दिवसाची गरज भागवून वर तेवढ्या कॅलरी पोटात गेल्या पाहिजेत. पोहे-जिलबीच्या भरपेट नाश्त्याच्या सहाशे कॅलरी धरल्या, तर रोजचं जेवण जेवून वर असे बारा-तेरा नाश्ते एका रात्रीत करावे लागतील. दीड किलोसाठी एकोणीस. सराफ्यात कितीही रमलेला माणूस हे करू शकत नाही.

काटा खोटं बोलतो, असं मात्र मी म्हणत नाही. वजन खरोखरच वाढलेलं असतं. ते कशाचं वाढलं, हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर सराफ्यातच मिळतं. दिवसा सोन्या-चांदीची दुकानं असलेल्या या गल्लीत रात्री हिवाळ्यात गराडूवाल्यासमोर पाच मिनिटं उभं राहून पाहा. गराडू या कंदाच्या तळलेल्या फोडी तो पुन्हा एकदा तेलात सोडतो, कुरकुरीत झाल्या की भांड्यात काढतो, वर लिंबू पिळतो आणि सढळ हातानं मसाला घालून खालीवर हलवतो. त्या मसाल्यात मीठ असतं, वर काळं मीठ असतं. शेजारच्या भुट्ट्याच्या किसात मीठ, सकाळी पोह्यांवर भुरभुरवलेल्या जीरावण मसाल्यात मीठ, आणि इंदुरात ज्याच्यावाचून काहीच पुरं होत नाही त्या शेवेत तर मीठ आहेच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. इथे एका संध्याकाळीच ती मर्यादा ओलांडली जाते.

जास्तीचं मीठ शरीर कोरडं ठेवत नाही. रुग्णालयातल्या सलाइनच्या बाटलीवर 0.9 टक्के असं छापलेलं असतं, म्हणजे लिटरभर पाण्यात 9 ग्रॅम मीठ. शरीरातल्या पेशींबाहेरच्या द्रवाचा खारटपणाही जवळपास एवढाच असतो, आणि शरीर तो जिवापाड सांभाळतं. म्हणून साडेचार ग्रॅम मीठ जास्त गेलं की त्याच्या जोडीला सुमारे अर्धा लिटर पाणी अंगात थांबतं. त्या रात्री तहान जास्त लागते ती याचसाठी. मूत्रपिंडं ते मीठ एक-दोन दिवसांत, कधी आणखी सावकाश, बाहेर टाकतात आणि पाणीही त्याबरोबर जातं. काट्यावर हा अर्धा किलो आला आणि गेला, पण चरबीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

दुसरा वाटा पिठूळ आणि गोड पदार्थांचा. भात, पोहे, साबुदाणा, जिलबी यांतली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. यकृतात साधारण 100 ग्रॅम, स्नायूंत 400 ग्रॅमच्या आसपास, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी. आठवडाभर बेतानं खाणाऱ्याची ही कोठारं अर्धी रिकामी असतात. शनिवारी ती भरली तर 250 ग्रॅम साखर आणि 750 ग्रॅम पाणी मिळून सरळ एक किलो. शिवाय खाल्लेलं अन्न आतड्यांतून बाहेर पडायला एक ते तीन दिवस लागतात, तेवढा वेळ त्याचंही वजन आपल्याच खात्यावर. आता दीड किलोचा जमाखर्च जुळवून पाहा. चरबीला त्यात जवळजवळ जागाच उरत नाही.

हाच हिशेब उलट्या दिशेनंही लागतो, आणि तिथे आपण आनंदानं फसतो. निर्जळी उपास केला की दुसऱ्या दिवशी काटा किलोभर खाली. तेही पाणीच. (साबुदाण्याची खिचडी आणि वर शेव असा उपास असेल तर काटा वर जातो. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण आपल्या आज्यांनी उगीच केलेली नाही.) "पहिल्याच आठवड्यात तीन किलो" असं आश्वासन देणाऱ्या प्रत्येक आहारपद्धतीचं भांडवल हेच आहे. भात-पोळी बंद केली की कोठारं रिकामी होतात, त्यांतलं पाणी निथळतं, आणि गिऱ्हाईक थक्क होतं. तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावतो तेव्हा दोष गिऱ्हाइकाच्या मनोनिग्रहाला दिला जातो. हे अन्यायाचं आहे.

पाण्याचं वजन किती झपाट्यानं हलतं, हे अवघ्या देशानं 2024 च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी पाहिलं. विनेश फोगट एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून 50 किलो गटाच्या अंतिम फेरीत पोचली. पण कुस्त्यांदरम्यान घेतलेलं अन्नपाणी अंगात होतं आणि काटा गटाच्या मर्यादेच्या बराच वर गेला होता. रात्रभर घाम गाळून, केस कापूनही 7 ऑगस्टच्या सकाळी वजन 100 ग्रॅम जास्त भरलं आणि ती बाद झाली. पुढच्याच दिवशी रात्री अमन सहरावतनं सुमारे दहा तासांत 4.6 किलो वजन उतरवलं आणि 57 किलो गटात कांस्यपदक मिळवलं. त्या दहा तासांत अमनची साडेचार किलो चरबी जळाली असं कुणी म्हणेल का? एका दिवसातली उतरण पाण्याची असते हे पैलवानाच्या बाबतीत आपल्याला लख्ख कळतं. मग एका दिवसातली चढण पाण्याची असते, हे स्वतःच्या बाबतीत का कळू नये?

आणि त्या पैलवानांची नक्कल करू पाहणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं: 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत तीन महाविद्यालयीन पैलवान असंच पाणी काढून वजन उतरवताना मेले. एप्रिल-मेच्या उन्हात पोटाला प्लॅस्टिक गुंडाळून धावणाऱ्या पोरांना कुणीतरी हे सांगायला हवं. चरबीचा एक कणही घामावाटे वितळून जात नाही. तिचा बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतो.

माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा हृदयरोगतज्ज्ञांकडे आहे. हृदय अशक्त झालेल्या रुग्णाला ते रोज सकाळी वजन करायला सांगतात. एका दिवसात किलो-दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलोंच्या वर चढलं तर ताबडतोब कळवा, असं बजावतात. कारण अचानक चढलेलं वजन म्हणजे अंगात साचलेलं पाणी, हे त्यांनी गृहीतच धरलेलं असतं. त्या रुग्णाला कुणी "काल काय खाल्लंस?" म्हणून रागावत बसत नाही, पाणी उतरवायचं औषध वाढवतात. वैद्यकाला जे इतकं उघड आहे, ते आपल्या जिमच्या भिंतींपर्यंत का पोचलं नाही?

यावर दुसरा पक्ष उभा राहतो: मग काटाच फेकून द्या, कपडे सैल झाले की कळेलच. हे ऐकायला गोड आहे, पण मला मान्य नाही. रेल्वे स्टेशनवरच्या लुकलुकत्या दिव्यांच्या वजनयंत्रातून निघणाऱ्या तिकिटावर एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य छापलेलं असायचं. वजनाकडे नशीब म्हणून पाहायची सवय आपल्याला जुनी आहे. ती सवय सोडायची तर आकडा नीट वाचायला शिकलं पाहिजे, आकड्यापासून पळून भागणार नाही. आधी बरंच वजन घटवलेल्या 314 लोकांवर अमेरिकेत दीड वर्ष चाललेला एक अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वजन टिकवण्याचं शिक्षण मिळालेल्यांपैकी जे रोज काट्यावर उभे राहत होते, त्यांचं घटवलेलं वजन परत येण्याचा धोका कमी होता. कपडे फार उशिरा सांगतात.

शिवाय काटा नसेल तर खरी चोरी सापडणार नाही. सराफ्यातल्या त्या रात्री सहाशे कॅलरी जास्त झाल्या असतील तर चरबी चढली सुमारे 80 ग्रॅम. दीड किलोच्या पाण्यात ती दिसतही नाही, आणि तशी रात्र महिन्यातून एकदाच येते. पण रोज चारच्या चहाबरोबर नकळत उचललेली मूठभर शेव दीडशे कॅलरींची असेल, तर रोजची वाढ होते 20 ग्रॅम आणि महिन्याची 600 ग्रॅम. ती कोणत्याही एका सकाळी दिसत नाही, आणि तिच्याबद्दल कुणाला अपराधीही वाटत नाही. आपण रडतो सराफ्यासाठी, आणि वजन वाढवत असते ती चहाबरोबरची शेव.

तिसरा पक्ष समंजस दिसतो: रोज नको, आठवड्यातून एकदा, सोमवारी वजन करा. मला हा सल्ला सर्वांत घातक वाटतो, कारण तो शास्त्रीय वाटतो. शनिवार-रविवारनंतर वजन चढतं आणि पुढे शुक्रवारपर्यंत उतरत जातं, हे 2014 च्या एका संशोधनातही दिसलं आहे. इंदुरात तर रविवारची सकाळ पोह्यांनी सुरू होते आणि रात्र छप्पन दुकान या खाऊगल्लीत संपते. नेमका सोमवार निवडणं म्हणजे आठवड्यातला सर्वांत गढूळ दिवस निवडणं.

समजा, एका बाईंची सोमवार ते रविवारची वजनं अशी आहेत: 74.2, 73.6, 73.9, 73.1, 73.4, 72.9, 73.8. पुढच्या आठवड्यात 74.3, 73.5, 73.0, 72.9, 73.2, 72.6, 73.0. फक्त सोमवार पाहिले तर 100 ग्रॅम वाढ. बाई खचतील. सरासरी काढली तर पहिला आठवडा 73.56, दुसरा 73.21. घट साडेतीनशे ग्रॅम, म्हणजे दिवसाला पावणेचारशेच्या आसपास कॅलरींची खरी बचत. इतकं उत्तम चाललेलं काम एका सोमवारच्या आकड्यानं नापास ठरवलं असतं.

म्हणून माझं म्हणणं असं: वजन रोज करावं, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर, फरशीवर ठेवून, गालिच्यावर नव्हे. आकडा वहीत लिहावा आणि वही मिटावी. निर्णय फक्त सात दिवसांच्या सरासरीवर घ्यावा, तोही दोन-तीन आठवड्यांच्या सरासऱ्या शेजारी ठेवून. ज्यांना आकडेमोडीची आवड आहे त्यांनी ऑटोडेस्क कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, जॉन वॉकर, यांनी 1991 मध्ये लिहून ठेवलेली रीत वापरावी. कालचा कल आणि आजचं वजन यांतल्या फरकाचा फक्त दहावा हिस्सा कलात मिळवायचा. कल 73.5 आणि आज काटा 74.5 दाखवतो, तर नवा कल 73.6. किलोभराचा धक्का 100 ग्रॅमवर येतो. खरी वाढ असेल तर कल पुढच्या दिवसांत चढत राहीलच, लपणार नाही.

इथे धीर लागतो हे मी नाकारत नाही. अन्न कमी झालं की शरीर कधीकधी पाणी धरून ठेवतं. अन्सेल कीज यांनी 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात 36 तरुणांना अर्धपोटी ठेवून केलेल्या प्रसिद्ध प्रयोगात त्या मुलांच्या पायांवर सूज आली होती. आत चरबी झडत होती आणि वर पाणी साचत होतं. आपली उपासमार तेवढी नसते. पण नवा व्यायाम सुरू केल्यावर दुखऱ्या स्नायूंत पाणी येतं, बद्धकोष्ठ झालं की काटा वर राहतो, आणि बायकांच्या शरीरात पाळीच्या आसपास पाणी साचतं. ते बहुधा पाळीच्या पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असतं. बायकांनी म्हणून आठवड्याची तुलना आठवड्याशी न करता या महिन्याच्या त्याच दिवसांची मागच्या महिन्याच्या त्याच दिवसांशी करावी.

रोजचं वजन कुणी करू नये, हेही स्पष्ट सांगते. आकडा पाहून ज्यांचं जेवण सुटतं, उलट्या काढाव्याशा वाटतात, किंवा पूर्वी खाण्याचा विकार होऊन गेला आहे, त्यांनी काटा घरात ठेवू नये आणि डॉक्टरांशी बोलावं. शाळकरी मुलींना तर रोज काट्यावर उभं करूच नये.

राहता राहिल्या आपल्या कॉलन्यांतल्या आणि जिममधल्या वजन घटवण्याच्या स्पर्धा. एका सकाळी वजन, तीन महिन्यांनी दुसऱ्या सकाळी वजन, आणि फरकावर बक्षीस. अशा एका स्पर्धेत शेवटच्या दिवशी पाळी आलेली एक मैत्रीण तिसऱ्या क्रमांकावरून खाली गेली, आणि आदल्या दिवसापासून पाण्याला न शिवलेला गडी पहिला आला. तीन महिने तिनं जे केलं ते कुणी मोजलंच नाही. आयोजकांना माझी मागणी साधी आहे. पहिल्या आठवड्याची सात आणि शेवटच्या आठवड्याची सात वजनं घ्या आणि सरासऱ्यांतला फरक काढा. एका दिवसात दोन किलोंच्या वर उतरलेलं वजन मोजू नका. शेवटचा आठवडा रंगपंचमीच्या किंवा अनंत चतुर्दशीच्या लगतचा ठेवू नका.