उभ्या गाडीचा घसारा

जाधववाडीच्या बाजारात माझ्या भाच्याचे भुसार मालाचे दुकान आहे. खुलताबाद, वेरूळ, कन्नड या बाजूच्या किराणा दुकानदारांना तो डाळी पोहोचवतो. भाड्याच्या वाहनांची वाट पाहण्याला कंटाळून त्याने गेल्या दिवाळीपूर्वी स्वतःची पिकअप घेण्याचे ठरवले. नवी परवडणारी नव्हती. कर्ज थकल्यामुळे ताब्यात घेतलेली २०१८ सालची एक डिझेल पिकअप लिलावात निघाली होती. ती अवघी ४१,००० किलोमीटर चाललेली होती आणि सव्वा वर्ष यार्डात उभी होती. भाचा म्हणाला, "मामा, कागद तुम्ही पाहा. तुम्ही हो म्हणालात की मी बोली लावतो."

कागद पाहण्यात माझे सारे आयुष्य गेले. नोंदणी प्रमाणपत्र, तारणाची नोंद, ती उतरवण्यासाठीचा नमुना ३५, योग्यता प्रमाणपत्र, विमा, कर, थकलेले दंड हे सर्व मी तपासले. इंजिन आणि चासीचे क्रमांक स्वतः वाकून वाचले. बीड बायपासवर रिकामी गाडी फिरवून आणली, ती सुरेख धावली. मी हो म्हणालो.

पहिल्याच खेपेला तुरीच्या डाळीची पंचवीस पोती घेऊन गाडी दौलताबादच्या घाटात चढू लागली आणि तिचा दम संपला. पहिल्या गिअरमध्ये रखडत, मागे काळा धूर सोडत ती कशीबशी वर पोहोचली. सपाटीवर पुन्हा ठीक. चिकलठाण्याच्या एका जुन्या डिझेल मिस्त्रींनी बॉनेट उघडले, भाच्याला गाडी सुरू करायला सांगितले, क्षणभर पाहिले आणि म्हणाले, "साहेब, टर्बो जाम आहे."

टर्बो हा शब्द मी कर्जप्रस्तावांत शेकडो वेळा वाचला होता. तो करतो काय, हे मात्र साठी उलटल्यावर त्या गॅरेजमधल्या स्टुलावर बसून शिकलो. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एक चाक फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक असते, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. जास्त हवा मिळाली की जास्त डिझेल पूर्ण जळते आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाचे काम करते. अल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. वाया जाणाऱ्या धुराकडूनच काम करून घेण्याची ही युक्ती कोणाही व्यापाऱ्याला पटावी अशीच आहे. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो.

आमच्या गाडीतला टर्बो बदलत्या पात्यांचा होता. धुराच्या चाकाभोवती लहान लहान पात्यांचे कडे असते. इंजिन मंद फिरत असताना पाती मिटत येतात, वाट अरुंद होते आणि थोडा धूरही जोराने चाकावर आदळतो. वेग वाढला की पाती उघडतात. ही सारी हालचाल बाहेरचा एक रॉड करतो. घाटात, भरल्या गाडीत आणि कमी वेगात हीच पाती मिटावी लागतात. आमची पाती उघडीच गंजून बसली होती. रिकाम्या गाडीला बायपासवर त्यांची गरजच पडली नव्हती, म्हणून मला काही कळले नाही. पाती मिटलेल्या अवस्थेत अडकली असती तर उलटा त्रास झाला असता. वेगात हवेचा दाब मर्यादेबाहेर जातो, दिवा लागतो आणि गाडीतला संगणक इंजिनाची ताकद कमी करून टाकतो.

मी विचारले, "पण आपल्या कोरड्या मराठवाड्यात इतका गंज कुठून आला?" मिस्त्रींचे उत्तर मला आजही टोचते. ते म्हणाले, "पाणी वरून नाही आले साहेब, आतून आले." डिझेल जळताना पाणी तयार होते. एक लिटर डिझेलमागे साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने धुराबरोबर बाहेर पडते. इंजिन पुरेसे तापले तर ती वाफ निघून जाते. गाडी पाच मिनिटे चालवून बंद केली तर ती थंड लोखंडावर दवासारखी साचते, काजळीत मिसळते आणि पात्यांच्या खुंट्यांमध्ये मुरते. डिझेलमधील थोडेसे गंधकही तिला आम्ल बनवण्यास हातभार लावते. २०२०च्या एप्रिलपासून देशभर आलेल्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक पूर्वीच्या पाचव्या हिश्श्यावर आले, परंतु पाणी तेवढेच राहिले.

टोचण्याचे कारण सांगतो. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा मी नोकरीत होतो. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना आधी तीन महिने आणि मग ३१ ऑगस्टपर्यंत स्थगिती दिली. आधीच ताब्यात आलेली वाहने मात्र लिलावाअभावी यार्डात उभी राहिली. बॅटऱ्या उतरू नयेत म्हणून मी चौकीदारासाठी लेखी सूचना काढली होती, की दर पंधरा दिवसांनी प्रत्येक गाडी पाच मिनिटे सुरू करून बंद करावी. त्याच्या रजिस्टरवर मी नियमाने सही करत असे आणि त्या शिस्तीचे मला कौतुक वाटत असे. त्या गाड्या पुढे कोणी घेतल्या, कोणत्या घाटात त्यांची फजिती झाली, हे मला माहीत नाही. त्या पाच मिनिटांपेक्षा बॅटरीची तार काढून ठेवणे बरे झाले असते.

आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना घसाऱ्याची कारणे पाठ करावी लागत. वापर हे एक, काळाचा ओघ हे दुसरे. परीक्षेत दोन्ही लिहिली, पण प्रत्यक्षात कमी किलोमीटर पाहिले की मी दुसरे कारण विसरत असे.

मिस्त्रींनी टर्बो उतरवून उघडला, पाती घासून स्वच्छ केली, सील बदलले. चाकांच्या दांड्यात खेळ आढळला नाही, म्हणून नव्या टर्बोचा मोठा खर्च वाचला. तरी मजुरीसह ११,५०० रुपये गेले आणि ऐन दिवाळीच्या मागणीचे नऊ दिवस भाड्याची गाडी लावावी लागली. भाचा एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरे वाटले असते.

आता तो आठवड्यातून एकदा तरी गाडी भरून लांब नेतो, म्हणजे टर्बो चांगला तापतो आणि पाती पुरती हलतात. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिट-दोन मिनिटे चालू ठेवतो. चाकाच्या दांड्याभोवतीचे तेल तिथेच जळून कोळसा होऊ नये, हा त्यामागचा हेतू. अडकलेला टर्बो मोकळा करणाऱ्या बाटल्याही बाजारात मिळतात. काजळी हलकी असेल तर त्यांचा उपयोग होतही असेल, पण गंजून बसलेल्या खुंट्यांवर मिस्त्रींचा त्यांच्यावर भरवसा नाही आणि माझाही नाही.

गेल्या महिन्यात भाच्याच्या एका मित्रासाठी मी पुन्हा एक उभी पिकअप पाहायला गेलो. या वेळी सकाळी सातलाच गेलो, इंजिन थंड असताना. कागद पिशवीतच ठेवले. त्याला गाडी सुरू करायला सांगून मी बॉनेटखाली टॉर्च धरला. हवेच्या ओढीवर चालणारा तो रॉड इंजिन सुरू होताच आत ओढला जायला हवा आणि बंद करताच परत यायला हवा. तो अर्धाच हलला आणि तिथेच अडकला. यार्डाचा माणूस म्हणाला, "साहेब, दर आठवड्याला सुरू करतो आम्ही." मी त्याला किती मिनिटे ते विचारले, आणि टर्बोचा पूर्ण खर्च वजा करूनच बोली लिहिली.