अभ्यास झाला, पण झोप झाली का?



दहावीची परीक्षा जवळ आली की चंद्रपूर-गडचिरोलीतल्या घराघरांत एकच प्रश्न असतो: अभ्यास किती झाला? पोर नीट झोपते का, जेवते का, हे विचारायचे राहून जाते. म्हणून हा अंक आम्ही माध्यमिक विद्यार्थ्यांच्या मनावरच्या ताणासाठी राखला आहे.

थोडा ताण अभ्यासाला जोर देतो. तो वाढला की झोप उडते, लक्ष लागत नाही आणि पाठ असलेले उत्तरही पेपर हाती पडताच आठवत नाही. गुण कमी पडतात, मूल ‘ढ’ ठरते आणि भीती दुणावते.

आपल्या भागात या ताणाला खास इथली कारणेही आहेत. घरी माडिया किंवा गोंडी बोलणारी अनेक मुले पेपर मराठीत लिहितात. आश्रमशाळेतली मुले आईवडिलांपासून दूर राहतात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट बंद होते. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या जंगलालगतच्या गावांत शाळेची वाटही वाघाच्या धास्तीने चालावी लागते.

या अंकात आम्ही निकालाच्या टक्क्यांपेक्षा मुलांचे, शिक्षकांचे आणि वसतिगृह अधीक्षकांचे अनुभव पुढे ठेवले आहेत. मदतीसाठी ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, तो शाळेच्या फलकावर लिहून ठेवा. तुमच्या गावातला अनुभव आम्हाला जरूर कळवा. आणि आज घरी मुलांना गुणांआधी त्यांची खुशाली विचारा.