जपानी भाषेंत आनंद कसा बोलावा?

मनुष्यास दुःख झालें तर तें तो परक्या भाषेंतहि कसेंबसें कळवूं शकतो; उतरलेला चेहरा आणि डोळ्यांतील पाणी हींच निम्में काम करितात. आनंदाचें मात्र तसें नाहीं. आनंद बोलून दाखवितांना शब्द चुकला तर ऐकणाऱ्यास तो उथळपणा वाटतो, फाजील सलगी वाटते, नाहीं तर नुसता कोरडा उपचार वाटतो. म्हणून परभाषा शिकणारानें बाजाराचीं आणि प्रवासाचीं वाक्यें पाठ झालीं कीं लगेच, त्या भाषेंतील माणसें समाधान, कौतुक व कृतज्ञता कशा रीतीनें बोलतात, तें पाहिलें पाहिजे. या महिन्यांत आम्ही या दृष्टीनें जपानी भाषेचा थोडासा विचार करूं इच्छितों.

हा विषय आपल्या घरांपासून वाटतो तितका दूरचा नाहीं. तोकिओ येथील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक लहानशी पुस्तिका महर्षि अण्णासाहेब कर्वे यांच्या हातीं आली, आणि त्या विचारांतून १९१६ सालीं आपल्याकडील महिला विद्यापीठ उभें राहिलें, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. हल्लीं तर कित्येक कुटुंबांतील मुलगे, मुली आणि सुना शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं जपानांत जातात, आणि त्यांच्या मागोमाग घरांतील वडील मंडळीहि महिना दोन महिने तेथें राहून येतात. मुलें पांच पायऱ्यांची भाषापरीक्षा देऊन गेलेलीं असतात. परंतु शेजारची बाई घरीं केलेला एखादा पदार्थ घेऊन दारांत उभी राहिली म्हणजे काय बोलावें, हें परीक्षेच्या पुस्तकांतून नीट कळत नाहीं. त्याचें एक कारण असें कीं, आपण जपानी भाषा बहुधा इंग्रजीच्या वाटेनें शिकतों. मराठीच्या वाटेनें गेल्यास ती पुष्कळ जवळ पडते. केवळ एके ठिकाणीं मराठीचाहि आधार सुटतो, आणि तेंच ठिकाण सर्वांत महत्त्वाचें आहे.

आधीं सोपें पाहूं. ‘मला आंबा आवडतो’ या वाक्यांत आवडण्याची क्रिया आंब्याकडे आहे. आपण केवळ ज्याला आवडतो तो. जपानी वाक्याची ठेवण अशीच आहे. ‘वाताशि वा मँगो गा सुकी देसु’ यांत ‘गा’ हा प्रत्यय आंब्यास लागला आहे, आणि सामान्यतः तो कर्त्याचा प्रत्यय होय. इंग्रजीच्या वळणानें शिकणारा विद्यार्थी आंब्यास कर्म समजून तेथें कर्माचा ‘ओ’ हा प्रत्यय जोडतो आणि फसतो. मराठी माणसानें आपली ‘मला आवडतो’ ही रचना मनांत धरली तर ही चूक होण्याचें कारण उरत नाहीं. जातां जातां एवढें सांगतों कीं, ‘देसु’ यांतील शेवटचा उकार जवळजवळ ऐकूं येत नाहीं. ‘देस्’ असा उच्चार कानास येतो.

तीच गोष्ट ‘योकात्ता’ या शब्दाची. हरवलेली पिशवी सांपडली, आजारी माणसाचा ताप उतरला, चुकलेला मुलगा सुखरूप परत आला, कीं जपानी मनुष्याच्या तोंडून ‘योकात्ता!’ हा उद्गार निघतो. शब्दशः अर्थ ‘चांगलें होतें’ असा भूतकाळी आहे. परंतु आपलें ‘बरें झालें बाई!’ ज्या ठिकाणीं येतें, अगदीं त्याच ठिकाणीं तो येतो. तसेंच वाक्याच्या अखेरीचें ‘ने’ हें अव्यय. ‘ओइशी देसु ने’ म्हणजे ‘चवदार आहे, नाहीं का?’ आपण ‘छान झालंय ना!’ म्हणून दुसऱ्यास आपल्या आनंदांत ओढून घेतों, तेंच काम हें एकाक्षरी अव्यय करितें. प्रवाशानें दुसरें कांहीं न शिकतां एवढें ‘ने’ जरी योग्य जागीं वापरलें, तरी त्याचें बोलणें ऐकणाऱ्यास आपलेंसें वाटतें.

आतां खुद्द आनंदाचे शब्द. यांत तिघांचा भेद ध्यानांत ठेवावा. कांहीं घडल्यामुळें मनास जो हर्ष होतो तो ‘उरेशी’. पत्र आलें, परीक्षेंत यश मिळालें, कोणी आठवणीनें भेट आणली, तर हा शब्द. एखाद्या गोष्टींत रमल्यानें जी मौज वाटते ती ‘तानोशी’. सहल, गप्पा, गाणें, समारंभ यांविषयीं हा शब्द येतो, आणि निरोप घेतांना ‘तानोशिकात्ता देसु’, म्हणजे ‘फार मजेंत वेळ गेला’, असें म्हणतात. तिसरा ‘शिआवासे’. हें सुख क्षणाचें नसून स्थितीचें आहे. संसार, प्रकृति, माणसें यांविषयींच्या तृप्तीस हा शब्द शोभतो. भेटवस्तु हातांत पडतांच ‘तानोशी’ म्हटलें तर यजमानास तें चमत्कारिक वाटेल. तेथें ‘उरेशी देसु’ हेंच बरोबर.

यापुढें मराठीचा आधार सुटतो तें ठिकाण येतें. ‘मला आनंद झाला’ आणि ‘सासूबाईंना आनंद झाला’ हीं दोन्ही वाक्यें आपण एकाच सांच्यांत बोलतों. जपानी भाषा तसें करूं देत नाहीं. ‘उरेशी’ हा शब्द विधानांत बोलणाऱ्यानें स्वतःच्याच मनाविषयीं वापरावयाचा. दुसऱ्यास ‘आनंद झाला का?’ असें विचारतां येतें, परंतु दुसऱ्याचें मन आपणच वाचून ‘त्याला उरेशी आहे’ असें ठाम सांगणें त्या भाषेस रुचत नाहीं. कथालेखकास पात्राच्या मनांत शिरण्याची मोकळीक असते. रोजच्या बोलण्यांत ती नाहीं. मग तीन वाटा राहतात. एक, ‘उरेशिसो देसु’, म्हणजे ‘आनंदांत दिसतात’. दुसरी, ‘उरेशी’ असें ते म्हणाले, असें त्यांच्याच तोंडचें सांगणें. तिसरी, ‘योरोकोन्दे इमासु’. या क्रियापदानें बाहेर दिसणारा, वागण्यांतून उमटणारा आनंद सांगतां येतो. शेजारणीनें आईसाठीं कांहीं पाठविलें असेल, तर ‘हाहा मो योरोकोन्दे इमासु’, ‘आईसुद्धां आनंदांत आहे’, हें अगदीं योग्य उत्तर होय. येथें स्वतःच्या आईस परक्यापुढें ‘हाहा’ म्हणावयाचें आणि त्यांच्या आईस ‘ओकासान’, हेंहि लक्षांत असावें.

इच्छेविषयींहि हाच नियम आहे. ‘मला चहा प्यावासा वाटतो’ असें स्वतःविषयीं खुशाल म्हणावें. वडीलधाऱ्या पाहुण्यास मात्र ‘तुम्हांला प्यावासा वाटतो का?’ असें त्याच रूपांत विचारणें उद्धटपणाचें गणतात. ‘चहा देऊं का? कसा काय?’ अशा अर्थानें पुढें करावा. हा नियम आम्हांस केवळ व्याकरणाचा वाटत नाहीं. एका छपराखालीं दहा माणसें राहतात तेथें ‘तिला काय, आनंदच आहे’, ‘त्याला कांहीं वाटत नाहीं’ असे निकाल आपण एकमेकांच्या मनांविषयीं दिवसांतून किती वेळां देतों! ज्याचें मन त्यासच ठाऊक, इतरांनीं ‘दिसतें’ एवढेंच म्हणावें, ही शिस्त एका भाषेनें आपल्या क्रियापदांत बांधून ठेविली आहे.

आतां कृतज्ञतेकडे वळूं. ‘आरिगातो’ हा शब्द सर्वांस ठाऊक आहे. तो पोर्तुगीज ‘ओब्रिगादो’ यापासून आला, असें पुष्कळ ठिकाणीं सांगतात; परंतु पोर्तुगीज लोक जपानांत १५४३ सालीं प्रथम पोंचले आणि हा शब्द त्याहून पांच शतकें तरी जुना आहे. त्याचा मूळ अर्थ ‘असणें कठीण’, म्हणजेच दुर्लभ. इ. स. १००० च्या सुमारास सेइ शोनागोन या दरबारी विदुषीनें लिहिलेल्या ‘माकुरा नो सोशी’ या ग्रंथांत अशा दुर्लभ गोष्टींची एक यादी आहे, आणि तींत सासऱ्याच्या कौतुकास पात्र झालेला जांवई व सासूची लाडकी झालेली सून यांना अग्रस्थान दिलेलें आहे! हजार वर्षांपूर्वींच्या त्या बाईंस आपल्या घरांची इतकी माहिती कोठून मिळाली, असा प्रश्न वाचकांपैकीं कोणास पडल्यास आश्चर्य नाहीं. असो. सांगण्याचा मुद्दा हा कीं, ‘आरिगातो’ म्हणणारा मनुष्य मुळांत ‘आपण केलें तें सहज मिळणारें नव्हे’ असें म्हणत असतो.

प्रकृति कशी आहे, मुलगा कामाला लागला का, अशा प्रश्नांस ‘ओकागेसामादे’ असें उत्तर देतात. ‘कागे’ म्हणजे सावली. आपण ‘आपल्या कृपाछत्राखालीं ठीक आहे’ म्हणतों, तोच भाव. जेवणास बसतांना ‘इतादाकिमासु’ म्हणतात. या क्रियापदाचा मूळ अर्थ माथ्यावर धरणें असा आहे, आणि प्रसाद कपाळीं लावून मग तोंडांत घालणाऱ्या आपल्या माणसास तो वेगळा समजावून सांगावा लागत नाहीं. जेवण झाल्यावर ‘गोचिसोसामा देशिता’. ‘चिसो’ म्हणजे मूळची धांवाधांव. पाहुण्यासाठीं ज्यानें धांवपळ करून सामग्री जमविली, त्याच्या श्रमांची ही आठवण आहे. आपल्या पंगतींतील ‘अन्नदाता सुखी भव’ याच जातीचें.

येथें आमच्या वडील वाचकांस एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. घरच्या माणसाचे आभार मानणें आपल्याकडे परकेपणाचें समजतात, आणि उपकार झाला तर तो मनांत ठेवून वेळेवर फेडावा, बोलून दाखवूं नये, अशी जुनी समजूत आहे. जपानांत रीत उलट आहे. भेट घेतांना तर आभार मानावयाचेच. शिवाय पुढें कधीं गांठ पडली म्हणजे ‘सेन्जित्सु वा आरिगातो गोझाइमाशिता’, ‘त्या दिवशींबद्दल आभारी आहें’, असें पुन्हा म्हणावयाचें. तें न म्हटल्यास समोरचा मनुष्य रागावत नाहीं, परंतु आपण दिलेलें यांच्या स्मरणांत राहिलें नाहीं, असें त्यास वाटून जातें. ज्यांच्या मुलांस त्याच शेजारांत वर्षानुवर्षें राहावयाचें आहे, त्यांनीं हें एक वाक्य तरी अवश्य पाठ करून जावें.

कांहीं सावधगिरीच्या सूचना. ‘सुकी देसु’ हें फळांविषयीं, गाण्याविषयीं निर्धास्त म्हणावें; परंतु एखाद्या तरुण व्यक्तीकडे पाहून नुसतें तेवढेंच म्हटलें तर ती प्रेमाची कबुली ठरते. पोषाखाचें कौतुक करावयाचें तर ‘सुतेकी देसु ने’ म्हणावें. प्रेमवाचक ‘आइशिते इमासु’ हें फार वजनदार वाक्य असून नवराबायकोंतहि तें क्वचितच उच्चारलें जातें. लहान मुलास ‘कावाइइ’, गोंडस, म्हणावें. उच्चार घसरून ‘कोवाइ’ झाला तर ‘भीतिदायक’ असा अर्थ होतो, आणि मुलाच्या आईस तो आवडण्यासारखा नाहीं. ‘सुगोइ’ हा वाहवाचा शब्द मूळचा अंगावर कांटा आणणारा होता. आपल्याकडील तरुण मंडळी ‘भयंकर आवडलें’ म्हणतात तसाच तो पालटला. घरगुती बोलण्यांत तो ठीक आहे, वडिलांपुढें जपून वापरावा. तुमच्या जपानी बोलण्याची कोणी स्तुति केली तर ‘मादामादा देसु’, ‘अजून पुष्कळ शिकावयाचें आहे’, असें म्हणण्याची रीत आहे. नुसतें ‘आरिगातो गोझाइमासु’ म्हटलें तरीहि चालतें.

सारांश, आपला आनंद मोकळेपणानें बोलावा, दुसऱ्याच्या आनंदाविषयीं ‘दिसतो’ असें म्हणावें, आणि झालेल्या उपकाराची पुन्हा एकदां आठवण द्यावी, या तीन गोष्टी साधल्या कीं जपानी भाषेंतील आनंदाचें बहुतेक व्याकरण हातीं आलें. त्यांतील पहिली आणि तिसरी प्रवाशाच्या कामाची आहे. दुसरी मात्र ज्यांस घराबाहेर कधींच जावयाचें नाहीं, त्यांच्याहि उपयोगाची आहे, असें आम्हांस वाटतें.