बिल कुणाच्या नावावर?



गेल्या महिन्यात माझ्या खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनल झालं. तीन खेपा झाल्या, मग कॅप बसली. वेळ मी मुद्दाम सकाळची मागून घेतली होती. भुलीचं इंजेक्शन दिलं की दोन-तीन तास ओठ बधिर असतो, खाता येत नाही. संध्याकाळी पाचला खुर्चीत बसलं तर सूर्यास्ताआधीचं जेवण बुडालंच म्हणून समजा.

पण आज लिहायचंय ते बिलाबद्दल. शेवटच्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने अगदी सहज विचारलं, "काकू, बिल सूनबाईंच्या नावावर करू का? त्यांच्या कंपनीकडून दातांचे पैसे मिळतात ना!" सून तिथेच दात साफ करून घेते, म्हणून तिला ठाऊक. खर्च साडेअकरा हजार. सुनेच्या पॉलिसीत ती, मुलगा आणि नातू. सासू-सासरे नाहीत.

खरं सांगू? मी लगेच नाही म्हटलं नाही. "घरी विचारून सांगते" म्हणून पर्स उचलली.

घरी मुलगा म्हणाला, "आई, सगळेच करतात. एवढे हप्ते घेतात, कधीतरी परत मिळायला नकोत का?" सून गप्प होती. तिचं गप्प राहणं मला तेव्हा होकारच वाटला.

रात्री केसपेपर चाळत होते. माझ्या दाढेपुढे ३६ लिहिलेलं. आपल्याकडे डॉक्टर तोंडाचे चार भाग करतात. पहिला आकडा भागाचा, दुसरा दाताचा, मधल्या दातापासून मोजत मागे. तीन म्हणजे खालचा डावा भाग, सहा म्हणजे पहिली मोठी दाढ. आता हे बिल सुनेच्या नावावर केलं, तर कागदोपत्री तिच्या तोंडातल्या ३६चं रूट कॅनल होऊन वर कॅपही बसली! उद्या तिची तीच दाढ खरोखर किडली की विमावाले विचारणार, झालेलं काम पुन्हा कसं? एक्स-रे मागितला तर तिथे धड दाढ दिसणार. आणि क्लेमच्या अर्जावर सही तिची, नोकरी तिची. मला फक्त साडेअकरा हजार दिसत होते.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिकडे दातांच्या प्रत्येक कामाला कोड असतो, डी अक्षर आणि पुढे चार आकडे. अमेरिकन डेंटल असोसिएशन ते ठरवते. दाढेचं रूट कॅनल म्हणजे डी ३३३०. साधा दात काढला तर डी ७१४०, हाड कापून किंवा दाताचे तुकडे करून काढावा लागला तर डी ७२१०. दुसऱ्याचा दर जास्त, म्हणून साध्या कामाला दुसरा कोड लावला की ती फसवणूक. तिकडे दातही एक ते बत्तीस असे सरळ मोजतात, माझी ३६ त्यांच्याकडे १९. आपल्याकडच्या बिलांवर असे कोड सहसा नसतात, नुसते शब्द असतात. मग शब्द तरी खरे नकोत का? 'दात काढला' याचं 'शस्त्रक्रिया' करून द्या, पॉलिसी सुरू झाल्यानंतरची तारीख टाका, असं सांगणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या माहितीतली आहेत. नेहमीच्या मेडिक्लेममध्ये बाह्यरुग्ण म्हणून केलेला दातांचा खर्च बहुधा मिळत नाही, अपघात होऊन दवाखान्यात राहावं लागलं तर मिळतो. म्हणून मग किडलेला दात जिन्यावरून 'पडतो'.

बी.कॉम.ला विमा शिकताना पहिलंच तत्त्व होतं परम सद्भावाचं. विमेदाराला जे ठाऊक आहे ते कंपनीला दिसत नाही, म्हणून त्याने खरं सांगायचं. हे आजही पोकळ नाही. सलग साठ महिने पॉलिसी चालवली की माहिती दडवली म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला ही सवलत नाही. साडेअकरा हजारांच्या दाढेसाठी पुढच्या हृदयाच्या ऑपरेशनचा आधार कोण घालवेल?

मी फार शहाणी आहे असं समजू नका. २०१८ पर्यंत नोकरदारांना वर्षाला पंधरा हजारांपर्यंतचा औषधपाण्याचा खर्च बिलं दाखवून करमुक्त मिळायचा. दर मार्चमध्ये आमच्याकडे न घेतलेल्या औषधांची बिलं यायची, आणि ती तारखेवार लावून बेरीज करायचं काम माझं, कारण घरात कॉमर्सवाली मीच. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार आहेत, त्यात कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख तयार करणं. स्वाध्यायात तो शब्द मी किती वर्षं म्हणत आले! दस्तऐवज, गहाणखत असलं काही डोळ्यांपुढे यायचं. केमिस्टचं बिल कधी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना मी सुनेला म्हटलं, बिल माझ्याच नावावर घेते. तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "आई, मला नकोच होतं. पण तुमच्या दाढेचे पैसे, मी नाही कसं म्हणणार?"

हे मला बिलापेक्षा जास्त लागलं. आपण मोठ्या बायका म्हणतो, सुनेने केलं, मुलाने केलं. सही त्यांची असते आणि भीड आपली. तेव्हा असं बिल मोठ्यांनी मागूच नये, आणि कुणी देऊ केलं तर नकारही मोठ्यांनीच द्यावा, हे माझं स्पष्ट मत आहे.

मी बिल घेतलं ते असं: माझं नाव आणि वय, प्रत्येक खेपेची तारीख, दाताचा नंबर, रूट कॅनल वेगळं, कॅप वेगळी आणि ती कशाची तेही, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. झिर्कोनियाची कॅप असेल तर लॅबचं वॉरंटी कार्ड मागून घ्या. पैसे झिर्कोनियाचे आणि आत धातू, असं नको. पक्कं बिल मागितलं की जीएसटी लागेल असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. दाताच्या उपचारावर जीएसटी नाही, निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या कामाचं वेगळं.

पैसे मुलाने बँकेतून दिले, रोख नाही. माझ्या नावावर कुठलाच आरोग्य विमा नाही आणि मी साठीच्या पुढची. तो जुन्या करपद्धतीत आहे, त्यामुळे आईच्या अशा वैद्यकीय खर्चाची वर्षाला पन्नास हजारांपर्यंत वजावट त्याला मिळते. हे ऐकून त्याचा रुसवा जरा उतरला. नातवाने विचारलं, आजी, तुझ्या दाढेला नंबर आहे तर माझ्या दातांना पण आहे का? आहे. दुधाच्या दातांचे पाचपासून सुरू होतात. संध्याकाळभर आरशासमोर तोंड उघडून मोजत बसला होता.