समीकरण पाठ, श्वसन मात्र अनाकलनीय

ग्लुकोज आणि ऑक्सिजन यांच्यापासून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊर्जा मिळते, हे पेशीश्वसनाचे समीकरण दहावीच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. मात्र वजन घटते तेव्हा चरबी जाते कुठे, असे विचारले की ‘तिची ऊर्जा होते’ किंवा ‘ती घामावाटे जाते’ अशी उत्तरे मिळतात. हा गोंधळ शाळेपुरता मर्यादित नाही. २०१४ साली रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये याचा हिशेब मांडला. १० किलो चरबी खर्ची पडल्यास तिच्यातील ८.४ किलो वस्तुमान कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने उच्छ्वासावाटे बाहेर पडते आणि १.६ किलोचे पाणी होते. त्यांनी विचारणा केलेल्या डॉक्टर, आहारतज्ज्ञ व व्यायाम प्रशिक्षकांपैकी बहुतेकांना हे ठाऊक नव्हते.

या गोंधळाला भाषेचाही हातभार लागतो. मराठीत ‘श्वसन’ म्हणताच नाक आणि फुप्फुसे डोळ्यांसमोर येतात. पेशीतील तंतुकणिका येत नाहीत. गोव्यात मराठी वा कोकणीतून प्राथमिक शिक्षण घेतलेले मूल पुढे इंग्रजी माध्यमात जाते, तेव्हा शब्द बदलतो, मनातले चित्र तेच राहते. म्हणूनच ‘झाडे दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन’ हा समज टिकून राहतो. वास्तविक झाडांचे श्वसन अहोरात्र चालते. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग अधिक असल्याने ते झाकले जाते, इतकेच.

तथापि सारा दोष भाषेवर ढकलता येणार नाही. ‘ब्रीदिंग’ आणि ‘रेस्पिरेशन’ असे दोन स्वतंत्र शब्द असलेल्या इंग्रजीतही विद्यार्थी हीच गल्लत करतात. खरी अडचण मूल्यमापनात आहे. समीकरण लिहिले की गुण मिळतात. त्याचा अर्थ कळला का, हे तपासलेच जात नाही.

उपाय खर्चिक नाहीत. माडाची सूर घालून ठेवलेले सान्नांचे पीठ फुगते, ते यीस्टच्या विनॉक्सिश्वसनातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. तेथे नाकही नाही आणि फुप्फुसही नाही. मोड आलेले मूग थर्मासमध्ये ठेवले की तापमान वाढते. उकडून निर्जंतुक केलेल्या मुगाचे वाढत नाही. असे प्रयोग करण्यापूर्वी ‘काय होईल आणि का?’ हे विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले, तर त्यांच्या मनातील चुकीची कल्पना शिक्षकाला दिसते आणि ती दुरुस्त करता येते. प्रश्नपत्रिकेतही असे प्रश्न आले, तरच वर्गात त्यांना वेळ मिळेल.